लाल फडक्यातलं ताट

अक्कांची आणि माझी शेवटची भेट दारातच झाली, आणि तीही तुसडेपणानं. पाण्याची मोटर पुन्हा बंद पडली होती. उद्या मिस्त्रीला बोलवायचं का, एवढं विचारायला मी संध्याकाळी जिना उतरून खाली गेले. झाशीच्या सीपरी बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं हे दुमजली घर. वर आम्ही, खाली माझ्या मोठ्या जाऊबाई, म्हणजे अक्का. बेल वाजवली तसा आतून परात झाकल्याचा आवाज आला, मग चपला, मग कडी. दार वीतभर उघडून अक्का उभ्या राहिल्या. "जेवतेय गं शालू. काय ते बोल." मी म्हटलं, "मग बसा ना तुम्ही, मी आत येऊन बोलते." तर म्हणाल्या, "नको. जेवताना कोणी समोर असलं की मला घास उतरत नाही, माहितेय ना तुला?" माहीत होतं. भाऊजी गेल्यापासूनची त्यांची ही तऱ्हा. मी मोटरीचं बोलले, वर आले, आणि ह्यांच्यापाशी कुरकुरलेसुद्धा, की सख्ख्या जावेला उंबऱ्यावर उभं करून बोलायचं, ही कुठली रीत? सकाळी दुधाची पिशवी खालच्या कडीला तशीच लटकत होती. माझ्या सुनेनं, नीलूनं, ती पाहिली आणि धावत वर आली. "मम्मीजी, बड़ी मम्मी दरवाज़ा नहीं खोल रहीं." मागच्या अंगणातल्या दाराची किल्ली आमच्याकडे असते. आत गेलो तर अक्का पलंगावर कुशीवर झोपलेल्या... चादर नीट, चष्मा उशाशी, भांडीकुंडी आवरलेली. कुणाला त्रास द्यायचा नाही हा त्यांचा हेका, तो त्यांनी शेवटपर्यंत चालवला.

पुढचा फोन मला विनूला करायचा होता. विनू, म्हणजे अक्कांचा एकुलता एक मुलगा, इंदूरला असतो. फोन हातात घेतला. बातमी तर वाईट होतीच, पण हा येईल की नाही याची मला खात्री नव्हती. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "येतो." आणि फोन ठेवता ठेवता, "काकू... मी आलेलं चालेल ना?" आईच्या शेवटच्या कामाला येऊ का, असं मुलानं विचारावं! मी त्या क्षणी अक्कांवर इतकी चिडले की काय सांगू. समोर त्या निश्चिंत झोपलेल्या, आणि मी त्यांच्यावर दात ओठ खातेय.

हे कळायला आमच्या घरातल्या ताटांबद्दल सांगायला हवं. आमच्या सासूबाईंनी हौसेनं करवून घेतलेली काशाची सहा ताटं आहेत. काठाच्या खोबणीत लाख भरून तिच्यावर चांदीची वेल ठोकून बसवलेली, आणि मधोमध चांदीचंच एक फूल. प्रत्येकाचं फूल वेगळं. भाऊजींचं कमळ, अक्कांचा मोगरा, ह्यांचं सूर्यफूल, माझी जाई, माझ्या अभयचा गुलाब आणि विनूचा चाफा. मूल उष्टावलं की त्याच्या फुलाचं ताट घडवायला टाकायचं, असा सासूबाईंचा नेम होता. आमची माणसं कधीकाळी दक्षिणेतून इथं झाशीत आली, मुलांची मराठी आता अर्धी हिंदी झाली, पण सणाला आपल्या फुलाच्या ताटावर जेवायचं हे कुणी सोडलं नाही. दुसऱ्याच्या ताटाला कोणी हात लावत नसे. विनू लहानपणी अभयशी भांडला की "तुझा गुलाब घासून टाकीन" अशी धमकी द्यायचा, याहून मोठी शिवी त्या दोघांना ठाऊक नव्हती.

बारा वर्षांपूर्वी भाऊजी आजारी पडले. ऑपरेशन सांगितलं होतं. अक्कांचं म्हणणं, इथंच औषधं चालू राहू देत, माझ्या हातचं खातील आणि बरे होतील. विनू इंदूरहून आला, रिपोर्ट घेऊन दोन-तीन डॉक्टरांना भेटला, आणि आईचं न ऐकता वडिलांना गाडीत घालून ग्वाल्हेरला घेऊन गेला. ऑपरेशन झालं. भाऊजी शुद्धीवर आले, चहा मागितला, नर्सशी थट्टा केली. आणि दुसऱ्या दिवशी श्वास लागला तो थांबलाच नाही. चूक कुणाचीच नव्हती, हे मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते. पण अक्का त्या दिवसापासून मुलाशी एक शब्द बोलल्या नाहीत. त्यानं सगळे विधी केले, त्या भिंतीला टेकून नुसत्या बघत राहिल्या. तेराव्याला पानं मांडली. विनू पाटावर येऊन बसला. सगळ्यांच्या पुढं आपापली ताटं, आणि अक्कांनी स्वतःच्या हातानं आणून विनूपुढं ठेवली ती पत्रावळ. वाढणाऱ्या बाईचा हात वाटीतच थांबला. विनूनं पत्रावळीकडे पाहिलं, मग आईकडे. तो उठला, बॅग घेतली आणि स्टेशनवर गेला. पुन्हा त्या उंबऱ्याच्या आत आला नाही.

त्या वर्षापासून दर भाद्रपदात माझ्या जिवाला एक घोर लागायचा. महालक्ष्म्यांच्या आधी ताटं उजळायची असत, आणि ते काम अक्कांनी आणि मी खालच्या ओसरीवर बसून करायचं, हा नेम. पत्र्याची ट्रंक ओढून बाहेर काढायची. एकेक ताट मलमलीतून सुटायचं. वर्षभर पेटीत राहून चांदी काळी पडलेली, कुठं निळसर, कुठं तपकिरी. मी शाळेत शिकवायचे, तेव्हा खडूचे तुकडे घरी आणायचे ते याचसाठी. अक्का ते कुटून वस्त्रगाळ करायच्या. रिठ्याच्या कोमट पाण्यानं आधी ताट धुवायचं, कढत पाणी अजिबात नाही, नाहीतर खालची लाख सुटते. मग ओल्या मऊ फडक्यावर खडूची पूड घेऊन वेलीच्या दिशेनं पुसत जायचं, गोल गोल घासायचं नाही. चिंच नाही, राख नाही. आणि पानांच्या शिरांत जो काळा थर बसलेला असतो तो राहू द्यायचा, कारण त्याच्यामुळंच वेल दिसते. हे सगळं ठीक होतं. माझा जीव वर-खाली व्हायचा तो सहाव्या ताटापाशी. ते लाल फडक्यात गच्च गाठ मारून बांधलेलं असायचं. अक्का ते ट्रंकेतून काढायच्या, आमच्या दोघींच्या मधे ठेवायच्या, पाच ताटं उजळून होईपर्यंत ते तिथंच, आणि मग गाठ न सोडता पुन्हा ट्रंकेत. एक अक्षर बोलायच्या नाहीत. मीही नाही. बांगड्या वाजल्या तरी दचकायला व्हायचं, इतकं ते बोचकं आमच्या मधे बसलेलं असायचं.

आणि सण झाला की विनूचा फोन यायचा, मला. इकडचं तिकडचं बोलून झालं की हळूच विचारायचा, "काकू, यंदा माझं ताट काढलं का आईनं?" मी म्हणायचे, "नाही रे बाळा." तो "बरं" म्हणून फोन ठेवायचा. चाळिशीला टेकलेला माणूस, हाताखाली वीस माणसं, आणि दरवर्षी त्याला एवढंच जाणून घ्यायचं असायचं. मी एकदा-दोनदा सुचवून पाहिलं, "तूच फोन कर ना तिला." त्यावर तो म्हणाला होता, "पत्रावळ तिनं ठेवली, काकू. उचलायची पण तिनंच." दोघं एकाच मातीचे, दुसरं काय!

नीलू लग्न होऊन आली त्या पहिल्याच भाद्रपदातली गोष्ट. भाऊजींचं कमळाचं ताट अक्कांनी तिला दिलं होतं, त्यामुळे पोरगी भारावून गेली होती. आम्हा दोघींना आराम द्यावा म्हणून तिनं मोबाइलवर बघितलेला उपाय केला. टबात अॅल्युमिनियमचा कागद अंथरला, सोडा टाकला, वरून उकळतं पाणी ओतलं, आणि अभयचं गुलाबाचं ताट आत सोडलं. काळा गेला खरा, डोळ्यांदेखत गेला. पण शिरांतलाही गेला. वेल कुठली, पान कुठलं, काही कळेना, नुसती पांढरी पट्टी. आणि गरम पाण्यानं लाख मऊ होऊन वीतभर चांदी खोबणीतून वर उचलली गेली. तेवढ्यात अक्का ओसरीवर आल्या. अक्कांच्या नाकावर राग असतो हे नीलूला अजून माहीत व्हायचं होतं. पण त्या खाली बसल्या, ताट कोमट आहे तोवर फडक्यानं ती पट्टी दाबून दाबून खोबणीत बसवली, वर वरवंटा ठेवला आणि म्हणाल्या, "बेटा, इसका काला भी इसी का है. सब निकाल दोगी तो बचेगा क्या?" एवढंच. नीलूला धीर आला. तिनं हसत लाल बोचक्याकडे हात नेला. "बड़ी मम्मी, ये वाली मैं खडू से कर दूँ? अच्छे से?"

"हाथ मत लगाना उसको!"

शेजारच्या घरातून जिज्जी काय झालं म्हणून डोकावल्या, असा तो आवाज. नीलू रडत वर पळाली. त्या दिवशी मात्र मी ऐकून घेतलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा जावेला तोंडावर म्हटलं, "अक्का, त्या पोरीचं काय चुकलं? आणि हा राग कुठवर बांधून ठेवणार आहात? आत चांदी काळीठिक्कर पडली असेल आता." अक्का मोगऱ्याचं ताट पुसत होत्या, पुसतच राहिल्या. मग खाली मान घालून म्हणाल्या, "रोज हाताखाली असलेली चांदी काळी पडत नाही शालू. पेटीत ठेवलेलीच पडते." मला वाटलं, बाई कबूल करतायत. आपणच पोराला पेटीत घातलंय, हे त्यांना कळतंय. मी विनूला तसं सांगितलंही फोनवर. तो म्हणाला, "कळतंय, तरी काढत नाही ना?"

तर असा विनू, त्या फोननंतर तडक गाडी चालवून आला. अग्नी दिला. राहिला आमच्याकडे, वर. विधी सगळे मनापासून केले, पण खालच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही, नुसता बाहेरच्या खोलीपर्यंत. सुतकात स्वयंपाक वरच होत होता, खालच्या ओट्याकडे कुणीच फिरकलं नाही. बाराव्याच्या दुपारी मी उद्याच्या जेवणाची तयारी काढली तेव्हा तो म्हणाला, "काकू, उद्याचे विधी आटोपले की मी निघतो. जेवायला थांबत नाही." मी म्हटलं, "अरे, गोड घास तुझ्याशिवाय कसा व्हायचा? तू मुलगा आहेस तिचा." तो खिडकीबाहेर बघत राहिला. "पत्रावळीवर जेवायचं मला काही वाटत नाही. लग्नाकार्यात जेवतोच की. पण त्याच ओसरीवर, पुन्हा..." मला एकच दिसत होतं. हा उद्या न जेवता गेला तर कायमचा गेला. अक्का नाहीत, आता या घराशी त्याला बांधणारं काही उरलं नाही, आणि आईनं आपल्याला टाकलं हे मनात घेऊन हा माणूस म्हातारा होणार. मी उठले. "चल खाली," म्हटलं. "ट्रंक जड आहे, मला एकटीला ओढायची नाही. तुझं ताट मी आज उजळते. अक्कांना काय म्हणायचं असेल ते मी त्यांच्यापाशी वर गेले की मला म्हणू देत." नीलूला रिठे भिजवायला खालच्या स्वयंपाकघरात पाठवलं. विनू आला, पण नाइलाजानं, हात खिशात घालून.

ट्रंक उघडली. पाच मलमली आणि तळाशी ते लाल बोचकं. गाठ इतकी घट्ट की माझ्या नखांना सुटेना. शेवटी विनूनं वाकून सोडवली. फडकं उलगडलं... आणि आत स्टीलचं ताट. साधं, बाजारातलं, काठाला पोचा आलेलं. मी ते उलटून पाहिलं, जणू मागच्या बाजूला चाफा असेल. फडकं झटकलं. ट्रंकेत हात घालून कोपरे चाचपले. काही नाही. इतकी वर्षं आम्हा दोघींच्या मधे काय बसलं होतं, आणि त्याच्यासाठी ती कोवळी पोर का रडली होती, मला काही उमगेना. विनू मात्र शांत होता, आणि तीच शांतता मला सहन होईना. "मोडीत दिलं असेल," तो म्हणाला. "चांदी होती म्हणून, नाहीतर फेकलंच असतं." तो उभा राहिला, गुडघे झटकले. "राहू दे काकू. मी आजच निघतो. उद्याचं अभयला करू देत." मी त्याचा हात धरला, त्यानं अलगद सोडवून घेतला. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर मी भांडले असते. तो नुसता थकलेला दिसत होता. दाराशी जाऊन चपला पायात सरकवल्या त्यानं.

आतून नीलूचा आवाज आला. "मम्मीजी... चाफेवाली थाली कौन सी होती है?"

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. एका हातात रिठ्याचं पातेलं, दुसऱ्यात ताट. रिठे ठेवायला भांडं शोधताना ओट्याशेजारच्या जाळीच्या टोपल्यात तिला ते मिळालं होतं. एक पेला, एक वाटी, एक परात, आणि उपडं घातलेलं हे ताट. शेवटच्या रात्री जेवून, घासून निथळत ठेवलेलं. उपड्या ताटाचं फूल कुणाला दिसणार? मी तिच्या हातातून ते घेतलं आणि खिडकीपाशी नेलं. पाच पाकळ्यांचा चाफा लख्ख. वेल लख्ख, फक्त पानांच्या शिरांत तेवढी काळी रेघ. गेले काही दिवस हात लागला नव्हता म्हणून काठावर किंचित पिवळी झाक धरू लागली होती, बस. खडूचा कण कुठं नाही. नीलूनं ताट उलटं केलं आणि म्हणाली, "ये तो रोज़ का बर्तन है मम्मीजी. देखिए ना, पीछे से कितना घिस गया है." माझी नजर टोपल्यातल्या परातीवर गेली. दारावर बेल वाजली की ताटावर पालथी पडणारी ती परात. घास न उतरण्याची ती तऱ्हा. स्वतःचं स्टीलचं ताट लाल फडक्यात बांधून आम्हाला राग दाखवायचा, आणि दार लावून दोन्ही वेळा मुलाच्या ताटात जेवायचं! बारा वर्षं!

विनू एक चप्पल पायात, एक बाहेर, असा तसाच आत आला. ताट हातात घेतलं. अंगठा काठावरून फिरवला, सगळीकडून, हळूहळू, पुन्हा सुरुवातीपर्यंत. "कधीपासून?" त्यानं विचारलं. मग तो ताट छातीशी धरून ओट्याला टेकून उभा राहिला आणि रडला. आईला अग्नी देताना रडला नव्हता तो. नीलू गॅसजवळ उभी राहून ओढणीनं डोळे पुसत होती. मीही रडले. पण खरं सांगायचं तर माझ्या रडण्यात निम्मा संताप होता. अहो अक्का, एक फोन! इंदूर काय सातासमुद्रापार आहे? तुम्ही रोज त्याच्या ताटातला घास गिळलात आणि त्याला एकदा "जेवलास का" म्हणून विचारलं नाहीत. हा राग माझा अजून गेलेला नाही. जाईल असंही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर पानं मांडली. विनू चाफ्याच्या ताटावर बसला. मी खीर वाढली, त्यानं दोनदा मागून घेतली. जेवण झाल्यावर नीलू ताटं गोळा करू लागली तर त्यानं आपलं दिलं नाही. स्वतः मोरीत बसून घासलं, पुसलं, आणि जाताना बॅगेत सगळ्यात वर ठेवलं. परवा त्याचा फोन आला होता. रोज त्यातच जेवतो म्हणाला, ऑफिसला डबा न नेता दुपारी घरी येतो आता. स्टीलचं ताटही मागत होता, पण ते मी दिलं नाही. काहीतरी माझ्याकडे राहायला हवं ना.

अक्कांचं मोगऱ्याचं ताट ट्रंकेत होतं, भाद्रपदापासून काळवंडलेलं. गेल्या आठवड्यात एकटीनं ओसरीवर बसून उजळलं. पुन्हा पेटीत ठेवायला हात धजेना. तेव्हापासून दुपारी नीलू आणि अभय कामावर गेले, हे झोपले, की मी त्यातच वाढून घेते. काल मी अशीच जेवायला बसले होते. ताटात भात-वरण, वरणाच्या काठाशी मोगऱ्याची एक पाकळी दिसतेय... आणि बेल वाजली. नीलू लवकर आली होती. मी उठले, पण दाराकडे जायच्या आधी माझा हात ओट्यावरच्या परातीकडे गेला, आणि मी ताट झाकलं.